कुटुंब आणि व्यायाम : डोंगरवाटेच्या दीर्घ धांवेपूर्वीचे तीन आठवडे

अंगमेहनत हें पोटासाठीं राबणारांचें काम. शिकल्यासवरल्या माणसानें फार तर पहांटे बारा सूर्यनमस्कार घालावे आणि लेखणी हातीं घ्यावी, अशी समजूत आपल्या वर्गांत पुष्कळ दिवस नांदत होती. ती आतां झपाट्यानें मावळत चालली आहे. पुण्यामुंबईच्या, सातारा-नाशिकच्या कित्येक घरांतून चाळिशी उलटलेले गृहस्थ, आणि त्यांच्या बरोबरीनें घरच्या लेकीसुनाही, पहांटे साडेचारला उठून सिंहगडाच्या नाहीं तर यवतेश्वराच्या घाटांत धांवावयास जातात. वर्ष-दोन वर्षांच्या अभ्यासानंतर एके दिवशीं जेवतांना ते हळूच जाहीर करतात कीं, येत्या जूनमध्यें आफ्रिकेंत जाऊन नव्वद किलोमीटर धांवण्याचा विचार आहे. आजी हातांतली जपमाळ थांबवून विचारतात, "कशासाठीं रे बाबा?" या प्रश्नाचें समर्पक उत्तर सहसा कोणाजवळ नसतें, आणि आम्हीही तें देण्याच्या भरीस पडत नाहीं. जावयाचें ठरलें आहे, अभ्यास झाला आहे, असें गृहीत धरून शेवटच्या तीन आठवड्यांत धांवणाऱ्यानें काय करावें व घरच्या मंडळींनीं काय करावें, एवढ्याचाच विचार या महिन्यांत योजिला आहे. वर्षभराच्या श्रमांची नासाडी या तीन आठवड्यांतच अधिक होते. आणि ती बहुधा हयगयीनें नव्हे, तर प्रेमापोटीं होते, असें आमचें मत आहे.

प्रथम ज्या शर्यतीसाठीं हा खटाटोप चालतो तिची ओळख करून घेऊं. दक्षिण आफ्रिकेंतील 'कॉम्रेड्स मॅरेथॉन' ही ती शर्यत. हिंदी महासागराच्या कांठचें दरबान शहर आणि आंत डोंगराळ मुलखांत वसलेलें पीटरमॅरिट्झबर्ग यांच्यामधील रस्त्यानें ती धांवली जाते. बहुधा एके वर्षीं समुद्राकडून वर, तर दुसऱ्या वर्षीं वरून समुद्राकडे. पहिलीस चढाची धांव म्हणतात, दुसरीस उताराची. अंतर ८७ ते ९० किलोमीटर, म्हणजे चौपन्न ते छप्पन्न मैल. पुण्याहून कात्रज व खंबाटकी हे दोन घाट ओलांडून पायीं वाईस जावें, साधारण तेवढी ही वाट. मुदत बारा तास. वाटेंत काउईज, फील्ड्स, बोथाज, इंचांगा आणि पॉली शॉर्ट्स अशा पांच मोठ्या टेकड्या लागतात. मधले बारीकसारीक चढउतार वेगळेच. अमलास रोडजवळ रस्ता समुद्रसपाटीपासून ८०० मीटरांच्याही वर जातो. पॉली शॉर्ट्सची टेकडी उंचीनें कांहीं मोठी नव्हे; परंतु चढाच्या धांवेंत ती अखेरच्या आठनऊ किलोमीटरांवर येते, आणि म्हणून तिचा दरारा सर्वांत अधिक.

हिचा जन्मही ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. व्हिक क्लॅफॅम नांवाचे आगगाडी हांकणारे गृहस्थ पहिल्या महायुद्धांत पूर्व आफ्रिकेच्या रानांतून सैन्याबरोबर पायपीट करून परत आले. जे सोबती परतले नाहींत त्यांचें स्मारक दगडाचें नसावें, माणसाच्या सहनशक्तीचें असावें, असें त्यांच्या मनानें घेतलें. माजी सैनिकांच्या संघानें त्यांस प्रथम नकार दिला. अखेर एक पौंड खर्चासाठीं उसना देऊन संमति दिली. २४ मे १९२१ रोजीं ३४ जण धांवले आणि १६ जण शेवटास पोंचले. पहिले आलेले बिल रोवन यांस ८ तास ५९ मिनिटें लागलीं. १९२३ सालीं फ्रान्सेस हेवर्ड या बाईंचा अर्ज ती बाई आहे एवढ्याच कारणानें नाकारण्यांत आला. तरी त्या धांवल्या, आणि ११ तास ३५ मिनिटांत पोंचल्या. पदक मिळालें नाहीं. पाहणाऱ्या लोकांनींच वर्गणी काढून त्यांस चांदीचीं भांडीं भेट दिलीं. १९३५ सालीं रॉबर्ट म्ट्शाली हे कृष्णवर्णीय गृहस्थ असेच नोंदीविना धांवले. स्त्रियांस आणि सर्व वर्णांच्या लोकांस रीतसर प्रवेश मिळावयास १९७५ साल उजाडावें लागलें. आज त्याच शर्यतींत दहा तासांच्या आंत येणाऱ्यास जें पदक मिळतें त्यास रॉबर्ट म्ट्शाली यांचें नांव आहे.

आपल्याशीं या वाटेचें नातें आणखी एका कारणानें आहे. ७ जून १८९३ च्या रात्रीं तरुण बॅरिस्टर गांधींस पहिल्या वर्गाच्या डब्यांतून ज्या स्थानकावर उतरविण्यांत आलें तें स्थानक पीटरमॅरिट्झबर्गचेंच. त्यांच्या बोलावण्यावरून नामदार गोखले १९१२ सालीं त्या देशांत गेले होते. शर्यतीस गेलेले आपले लोक एक दिवस काढून त्या स्थानकावर जातात. तो दिवस वायां गेला असें आम्ही म्हणणार नाहीं. मात्र तो शर्यतीच्या आदला दिवस नसावा.

आतां मूळ विषयाकडे वळूं. शेवटच्या तीन आठवड्यांचा पहिला नियम असा कीं, धांवणें कमी करीत जावें. मोठी लांब धांव पांच-सहा आठवडे आधींच आटोपलेली असावी. त्यानंतर पहिल्या आठवड्यांत नेहमींच्या पाऊण, दुसऱ्यांत निम्म्या, आणि शेवटच्यांत तिसऱ्या हिश्शाहूनही कमी अंतर असावें. चाल मात्र फार मंद करूं नये, नाहीं तर अंग जड पडतें. शरीरास बळ श्रम करतांना येत नसतें. श्रमानंतरच्या विश्रांतींत येतें. लोणचें घातल्यावर रोज बरणी उघडून ढवळीत बसलें तर तें मुरत नाहीं, नासतें. तसेंच हें आहे. या दिवसांत धांवणाऱ्याचा जीव टांगणीस लागतो. कधीं गुडघा दुखल्यासारखा वाटतो, कधीं घसा. आणि मग 'एकदां शेवटचें अजमावून पाहूं' म्हणून तो चाळीस किलोमीटर धांवून येतो. त्या एका सकाळीं मिळत कांहींच नाहीं, आणि गमावण्यासारखें मात्र सर्व असतें.

घरच्यांचा हातभार येथेंच लागतो. वैशाख-ज्येष्ठ हे लग्नसराईचे महिने. "आतां तुझें धांवणें कमी झालें आहे ना? मग पंगतींत वाढावयास ये," असें काका म्हणतात, आणि मोकळा वेळ दिसला कीं माळा झाडण्याचें कामही निघतें. चार तास उभें राहून वाढणें किंवा शिडीवर चढउतार करून जड डबे उतरविणें हें पायांस धांवण्याइतकेंच पडतें. हे तीन आठवडे त्या माणसास अशा कामांतून मोकळें ठेवावें. त्याच्या जागीं दुसऱ्यानें कंबर बांधावी. एकत्र कुटुंबाचा उपयोग दुसरा कोणता?

डोंगरवाटेसंबंधीं एक गोष्ट पुष्कळांस चमत्कारिक वाटते. चढ दमवितो, पण पाय मोडतो तो उतार. चढतांना मांडीचा स्नायू आखडत भार उचलतो; उतरतांना तो ताणला जात असतांनाच भार पेलतो, आणि त्यांत त्याचे तंतू अधिक दुखावतात. ठणका त्याच दिवशीं न येतां दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं येतो. मात्र एकदां असा मार खाल्लेला स्नायू पुढें कांहीं आठवडे तशाच माराला पुष्कळ कमी बधतो. म्हणून सिंहगडाचा घाटरस्ता धांवत उतरण्याचा अभ्यास अवश्य करावा, पण शेवटचा जोरदार उतार शर्यतीच्या तीन आठवडे आधीं संपवावा. उतरतांना पावलें आंखूड व जलद टाकावीं, टांच पुढें आपटूं नये. चढावर चालण्यांत कमीपणा मानूं नये. पहिल्याच टेकडीपासून थोडें धांवणें व थोडें चालणें असा ठराव करून जो वागतो तोच शेवटच्या टेकडीवर धांवूं शकतो. पहिल्या टेकडीवर ज्याला लाज वाटली, त्याला पॉली शॉर्ट्सवर धांवणें आणि चालणें दोन्ही जड जातें.

आहाराचा भाग गृहिणींच्या अखत्यारींतला. स्नायूंत व यकृतांत सांठणारी साखर हें दीर्घ श्रमाचें मुख्य इंधन. शेवटचे दोन दिवस भात, पोळी, बटाटा, केळीं, गूळ, खजूर यांचें प्रमाण वाढवावें आणि तूप, तळण, उसळी, कोशिंबिरी कमी कराव्या. साठ किलो वजनाच्या माणसानें दिवसाला पांचशे ग्रॅमांच्या आसपास पिष्ट व साखर पोटांत घालावी, असा सर्वसाधारण हिशेब आहे. हें एका बैठकींत होत नाहीं. पांच-सहा वेळां थोडें थोडें खावें. मऊ भात, मेतकूट आणि मीठ यांच्यासारखें सोपें अन्न नाहीं. सांठलेल्या दर ग्रॅम साखरेबरोबर तीन-चार ग्रॅम पाणीही सांठतें, त्यामुळें वजन किलो-दीड किलोनें वाढलें तर घाबरूं नये. ती शिदोरी आहे. निघण्याच्या आदल्या दिवशीं मात्र आमरस-पुरीचें आणि श्रीखंडाचें जेवण घालून निरोप देण्याची हौस आवरावी. तो थाट परतल्यावर करावा. आंबा नसेल तर नसेल.

येथें एक नाजूक प्रश्न येतो, आणि त्यावर आम्हांस स्पष्ट लिहिलें पाहिजे. ही शर्यत बहुधा जूनच्या पूर्वार्धांत येते, आणि आपल्याकडे तो ज्येष्ठ महिना. २०२५ सालचें उदाहरण घ्या. ६ जूनला निर्जला एकादशी, ८ जूनला शर्यत, १० जूनला वटपौर्णिमा. ज्या सूनबाईंनीं वर्षभर घाम गाळला त्यांनीं शर्यतीच्या दोन दिवस आधीं पाण्याचा थेंबही न घेतां राहावें, आणि घरच्यांनीं त्यांच्या निष्ठेचें कौतुक करावें, हें आम्हांस मान्य नाहीं. ज्या दोन दिवसांत इंधन सांठवावयाचें तेच दोन दिवस कोठार रिकामें करण्यासारखें तें आहे, आणि याचा परिणाम केवळ हार एवढाच नसून भोंवळ, पडणें, क्वचित् त्याहूनही वाईट असूं शकतो. आजारी, गर्भवती व प्रवासी यांस व्रतांतून मोकळीक देण्याची चाल आपल्या घरांतून आहेच, आणि परदेशीं गेलेली सून प्रवासी नव्हे तर काय? मात्र ही मोकळीक तिनें चोरून घ्यावी लागूं नये. सासूबाईंनीं आपण होऊन म्हणावें, "यंदा तुझी एकादशी मी धरतें, तूं पोटभर जेव." एवढ्या एका वाक्यानें सूनबाईंच्या पायांत जें बळ येईल तें कोणत्याही खुराकानें येणार नाहीं.

उपासाच्या उलट टोंकाचा धोका आहे पाण्याचा. "पाणी पीत राहा," असा उपदेश घरोघरीं होतो, आणि हेतु चांगला असूनही तो घातक ठरूं शकतो. तहानेहून पुष्कळ अधिक पाणी तासन्‌तास पीत गेल्यास रक्तांतील सोडियम पातळ होतें. श्रमाच्या वेळीं शरीर मूत्रही कमी सोडतें, तेव्हां जादा पाणी बाहेर पडत नाहीं. तें पेशींत शिरतें आणि मेंदूस सूज येते. दक्षिण आफ्रिकेंतील डॉक्टर टिम नोक्स व त्यांचे सहकारी यांनीं १९८५ सालीं अशा रोग्यांची हकीकत शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध केली. पुढें २००२ सालच्या बॉस्टन मॅरेथॉनमध्यें ४८८ धांवणारांचें रक्त तपासतां शेंकडा १३ जणांत हा दोष आढळला; त्याच शर्यतींत एका तरुण स्त्रीचा यानेंच अंत झाला. म्हणून नियम असा कीं, तहान लागेल तेवढेंच प्यावें. बोटांतील अंगठी घट्ट होऊं लागली, डोकें दुखूं लागलें, ओकारी आली, बोलणें असंबद्ध झालें, तर अधिक पाणी पाजूं नये; लागलीच वैद्यकीय तंबूंत न्यावें. मिठाच्या गोळ्या खाल्ल्या म्हणजे हवें तेवढें पाणी पितां येतें हाही गैरसमज आहे.

औषधांविषयीं थोडें. वेदना मारणाऱ्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या आपल्या घरांतून चुरमुऱ्यांसारख्या वांटल्या जातात. दीर्घ धांवेच्या आधीं वा मध्यें त्या घेऊं नयेत. घामानें रक्ताचा पुरवठा आधींच आटलेल्या मूत्रपिंडावर त्यांचा भार पडून तें निकामी होण्याचा संभव असतो. रक्तदाब, मधुमेह यांचीं नेहमींचीं औषधें चालू असतील तर त्यांचें काय करावें हें डॉक्टरांस महिनाभर आधीं विचारावें. विमानतळावरून फोन करून नव्हे. चाळिशी उलटलेल्यानें हृदयाची तपासणीही तयारीच्या आरंभींच करून घ्यावी. आणि सर्वांत कठीण गोष्ट ही कीं, शर्यतीच्या आठवड्यांत ताप आला, अंग मोडून आलें, छातींत कफ भरला, तर धांवूं नये. विषाणूनें ग्रासलेल्या शरीरास बारा तास राबविल्यानें हृदयाच्या स्नायूस दाह होण्याची भीति असते. तिकिटांचे पैसे गेले, वर्षाचे कष्ट गेले, लोक काय म्हणतील, हे सर्व विचार तेव्हां मनांत येतात. अशा वेळीं घरून एकच निरोप जावा: "परत ये, पुढच्या वर्षीं पाहूं." हा निरोप आधींच, निघण्यापूर्वींच, सांगून ठेवावा, म्हणजे तेथें एकट्यानें निर्णय घेतांना त्याला घराची भीति वाटणार नाहीं.

सामानाविषयीं नियम एकच: नवें कांहीं नको. नव्या जोड्यांची भेट देण्याचा मोह काकांनीं आवरावा; ज्या जोड्यांत निदान शंभर किलोमीटर झाले आहेत तेच न्यावे. नखें आठवडाभर आधीं कापावीं. घांसणाऱ्या जागीं लावण्यास पेट्रोलियम जेली विसरूं नये. आपल्याकडे उन्हाळा असतांना तेथें हिवाळा असतो; पहांटे पीटरमॅरिट्झबर्गला चांगलीच थंडी, आणि दुपारीं ऊन. म्हणून ट्रंकेंतला जुना स्वेटर द्यावा. धांवणारे तो अंगावर घालून उभे राहतात आणि ऊब आली कीं रस्त्याच्या कडेस टाकतात. तेथील गरीब लोक ते कपडे उचलून नेतात. आजींनीं विणलेला स्वेटर मात्र चुकूनही देऊं नये. वाटेवर पाणी लहान प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून मिळतें. ती दांतानें फोडून धांवतां धांवतां पिण्याची संवय घरींच करावी. उकडलेले बटाटे, केळीं, संत्रीं हेंही तेथें मिळतें, तेव्हां शाकाहारी माणसानें काळजी करण्याचें कारण नाहीं. परंतु खजूर, राजगिऱ्याची वडी असें सरावाचें कांहीं खिशांत असावें.

कालमानाचा एक फायदा आपल्या लोकांस आयता मिळतो. तेथील घड्याळ आपल्या साडेतीन तास मागें असतें. शर्यत पहांटे पांच-साडेपांचच्या सुमारास सुटते, तेव्हां आपल्या शरीराच्या हिशेबानें साडेआठ-नऊ वाजलेले असतात. म्हणून तेथें गेल्यावर तेथल्या रात्रीशीं जुळवून घेण्याची धडपड करूं नये. लवकर निजावें, लवकर उठावें. आदल्या रात्रीं झोंप येत नाहीं, येऊंही नये. त्याच्या आदल्या दोन रात्रींची झोंप खरी कामाची. त्या रात्रीं घरच्यांनीं दर तासाला फोन करून "झोंपलास का?" असें विचारूं नये.

शर्यतीच्या दिवशीं वाटेवर कांहीं जुन्या चाली पाळल्या जातात. पांच वेळां जिंकलेले आर्थर न्यूटन जेथें विसावत असें सांगतात त्या दरडींतल्या कोनाड्यास धांवणारे नमस्कार करतात, फूल ठेवतात. दुसऱ्या अर्धांत बळ राहतें अशी श्रद्धा आहे. आपल्याकडे घाटांतल्या देवीस नारळ फोडतात, तेंच हें. इंचांगा येथें अपंग मुलांची एथेंबेनी ही शाळा आहे. तेथील मुलें रस्त्यावर येऊन हात पुढें करतात, आणि अर्ध्या वाटेचा थकवा घेऊन येणारा माणूसही त्या हातांना हात लावल्याशिवाय पुढें जात नाहीं.

शेवट मात्र निष्ठुर आहे. बारा तास होतांच एक पंच धांवणारांकडे पाठ करून बंदुकीचा बार काढतो. पाठ अशासाठीं, कीं समोर कोण आहे हें पाहून हात थांबूं नये. जो एक पाऊल मागें राहिला त्याची नोंद होत नाहीं. वॉली हेवर्ड पांच वेळां जिंकलेले. १९८९ सालीं वयाच्या ऐंशीव्या वर्षीं ते पुन्हां धांवले, तेव्हां मुदत अकरा तासांची होती, आणि ती संपण्यास दोन मिनिटें उरलीं नसतांना ते आंत आले. अशा कथा आपण आवडीनें सांगतों. परंतु त्याच संध्याकाळीं बार झाल्यावर पोंचणारे कितीतरी असतात, त्यांच्या कथा कोणी सांगत नाहीं. आपल्या घरचा माणूस त्यांच्यांतला असूं शकतो, हें घरच्यांनीं आधींच मनाशीं धरून ठेवावें. आपल्याकडे तेव्हां रात्रीचे साडेआठ-नऊ झालेले असतात, पानें वाढलेलीं असतात, आणि सर्वांचे डोळे फोनकडे लागलेले असतात. फोन आला म्हणजे पहिला प्रश्न "पदक मिळालें का?" हा नसावा. "बरा आहेस ना? कांहीं खाल्लेंस का?" हा असावा. वडीलधाऱ्या माणसांनीं निघतांना दिलेला आशीर्वाद पोंचण्यासाठीं नव्हे, सुखरूप परतण्यासाठीं असतो. तो त्या प्रश्नानें पुरा होतो.